सुनंदाचे मुराळी

"चहा सासूनी करा, ताई. मनी बहीन बाहेर उनीच नही."

रमेश आमच्या केंद्राच्या बाकावर बसून अहिराणीत सांगत होता, चहा बहिणीच्या सासूने केला, बहीण बाहेर आलीच नाही. अंगात सणाचा नवा शर्ट, तो घामाने पाठीला चिकटलेला. मांडीवर कापडी पिशवी. पिशवीत आईने बहिणीच्या सासरी द्यायला केलेल्या सांजोऱ्या होत्या. त्या तशाच परत आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी आखाजी होती. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. अक्षय्य तृतीयेला आमच्या खानदेशात आखाजी म्हणतात आणि दिवाळीपेक्षा मोठी मानतात. हा लेकींचा सण. गावोगावच्या लग्न झालेल्या मुली या दिवसांत माहेरी येतात. कडुनिंबाला झोके बांधतात, गौराई बसवतात, आमरस-पुरणपोळी खातात आणि डोक्यावरचा पदर खाली टाकून चार दिवस मोकळ्या हिंडतात. त्यांना सासरहून आणायला जो भाऊ जातो तो मुराळी. मुराळ्याला रिकाम्या हाताने परत पाठवणं म्हणजे त्या घरच्या तोंडावर थुंकण्यासारखं समजतात. रमेशला तसं पाठवलं होतं.

मी त्या काळी अमळनेरला एका संस्थेच्या कौटुंबिक सल्ला केंद्रात समुपदेशक होते. नव्वदच्या आसपासची गोष्ट. समुपदेशक हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडात बसत नसे. लोक 'भांडणं मिटवणाऱ्या बाई' म्हणत. आमचं काम असं की, मार खाणारी बाई आली की तिचं ऐकायचं, लागलं-खुपलं असेल तर दवाखान्यात न्यायचं, कायदा काय म्हणतो ते सांगायचं, आणि मग नवऱ्याला पत्र पाठवून बोलवायचं. नवरा-बायको समोरासमोर बसायची त्याला आम्ही जॉइंट सिटिंग म्हणायचो. पद्धत चांगली होती. अट एकच, बाई आपल्या पायाने केंद्रापर्यंत यायला हवी.

सुनंदा येऊ शकत नव्हती. तिला सहा-सात वर्षांपूर्वी नरडाण्याजवळच्या एका गावात दिलेलं. दोन मुली. नवरा हात उचलतो हे माहेरी माहीत होतं. का मारायचा, असं मला अजूनही लोक विचारतात. मारायला काहीतरी कारण लागतं, ही समजूत मी नोकरीच्या पहिल्या वर्षातच सोडून दिली. या खेपेला रमेश न्यायला गेला तेव्हा त्याला ओट्यावरच बसवून ठेवलं. ती आजारी आहे, डॉक्टरांनी कुणाला भेटू देऊ नका म्हटलंय, असं सासूने सांगितलं. एरवी भाऊ आला की सुनंदा धावत बाहेर यायची. या वेळी आतून तिचा आवाजसुद्धा आला नाही.

मी उठले आणि आमच्या अध्यक्षांच्या खोलीत गेले. नानासाहेब रिटायर्ड हेडमास्तर. माणूस सज्जन, पण प्रत्येक गोष्ट पद्धतशीर झाली पाहिजे. त्यांच्या टेबलावर पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे लावलेल्या असायच्या.

"रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवा," ते म्हणाले.

"नानासाहेब, पत्र पोचेपर्यंत सण संपेल. बाई कोणत्या अवस्थेत आहे ते कुणाला माहीत नाही."

"मग पोलिसांना सांगा. आपण पोलीस नाही, पाटीलबाई."

मी त्यांच्याच फोनवरून त्या हद्दीतल्या पोलीस ठाण्याला फोन लावला. हवालदार वयस्कर होता आणि आवाजावरून समजूतदार वाटला. सगळं ऐकून म्हणाला, "बाई, मी जाईन हो. पण ते म्हणतील आजारी आहे. तिला बाहेर आणतील, दोन्ही बाजूंना सासू-सासरे उभे राहतील, आणि मी विचारलं की ती म्हणेल, मला काही त्रास नाही. तेवढा जबाब मी लिहून घ्यायचा आणि परत यायचं. मग पुढच्या वेळी तुम्हालाही काही करता येणार नाही."

तो खोटं बोलत नव्हता. 'मला काही त्रास नाही' हे वाक्य मी इतक्या बायकांच्या तोंडून ऐकलं होतं की ते कुणीतरी लग्नातच शिकवत असावं, असं मला वाटायचं.

आखाजीच्या दिवशी मी रमेशबरोबर त्याच्या गावी गेले. अमळनेरपासून जवळच. त्याच्या आईला भेटायचं होतं. म्हातारी चुलीपुढे बसली होती, पण सणाचा स्वयंपाक अर्धाच पडलेला. माझा हात धरून म्हणाली, "बाई, ती मरेल शे का जित्ती शे, इतलंच दखी या. बाकी मले काही नको."

मी "बघू" म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्या गावात मी आधीच्या हिवाळ्यात एक सभा घेतली होती. जनजागृतीची. हातात चित्रांचा फ्लिपचार्ट, एका चित्रात दारू प्यालेला नवरा, एका चित्रात रडणारी बायको. मंदिरासमोर सतरंजी टाकलेली. पुढे सरपंच, त्यांच्या मागे गावातल्या सासवा, आणि अगदी शेवटी भिंतीला टेकून सुना, नाकापर्यंत पदर ओढून. मी विचारलं, इथे कुणाला घरात त्रास आहे का? सरपंचांनीच उत्तर दिलं, आमच्या गावात तसलं काही नाही. टाळ्या झाल्या. मला नारळ मिळाला.

आता मी त्याच मंदिरासमोरून जात होते. बाजूच्या मोठ्या निंबाला झोका टांगलेला आणि खाली गावाच्या माहेरवाशिणी जमलेल्या. वीस वर्षांच्या, तीस वर्षांच्या, एखाददुसरी चाळिशीची. कुणाच्याही डोक्यावर पदर नाही. मोठमोठ्याने हसणं, एकमेकींच्या सासवांच्या नकला. मी रमेशच्या घरून आले हे कळताच हसणं थांबलं.

"सुनंदाकडे गया व्हता ना रमेश?" एकीने विचारलं. "नही धाडं ना तिले?"

ही शोभा. हिचं सासर सुनंदाच्या सासरच्या शेजारच्याच गावात. तिने सांगायला सुरुवात केली आणि मी तिथेच मातीत बसले. होळीपासून सुनंदा पाण्यावर दिसली नव्हती. हात मोडलाय अशी बोलवा होती. मागच्या खोलीला बाहेरून कडी असते. दोन्ही पोरी आजीजवळ झोपतात.

"हे तुमच्या सासरच्या गावात लोकांना माहीत आहे?" मी विचारलं.

"बठ्ठास्ले माहीत शे," शोभा म्हणाली. "सांगस कोन?"

मग एकेक बोलू लागली. सुनंदाबद्दल, आणि हळूहळू स्वतःबद्दलही. कुणाच्या पाठीवरचा डाग, कुणाचा कान. मी विचारलंसुद्धा नव्हतं. हिवाळ्यात भिंतीला टेकून बसलेल्या बायका या गावच्या सुना होत्या. झोक्यापाशी जमलेल्या या गावच्या लेकी. तिथे सासू समोर होती, इथे आपलं झाड होतं आणि आपल्या मैत्रिणी. इतकी साधी गोष्ट कोणत्याही ट्रेनिंगमध्ये मला कुणी सांगितली नव्हती.

त्यांच्यात सगळ्यांत मोठी कमलअक्का. उंच, काळीसावळी, घोगऱ्या आवाजाची. तिला जावई आलेला होता, तरी आखाजीला माहेरी येणं तिने सोडलं नव्हतं. ती इतका वेळ झोक्याचा दोर धरून नुसती ऐकत होती.

"भाऊ गया, तर त्याले रिकामा धाडा," ती म्हणाली. "आते बहिनी जातीन. दखूत, कितल्या जनीस्ले रिकामं धाडतस."

मग शोभा म्हणाली, "मी येस."

शोभाचं नाव पहिलं यावं याचं मला आश्चर्य वाटलं. तिच्या सासरचे आणि सुनंदाच्या सासरचे एकमेकांचे भाऊबंद लागत. सगळ्यांत जास्त तिलाच भोवणार होतं. तिचे वडील समोरच्या ओट्यावर पत्ते खेळत होते. त्यांनी ऐकलं आणि तिथूनच ओरडले, "तू तुनं घर मोडी लेशी, शोभे!" शोभाने त्यांच्याकडे पाहिलं. नंतर ती उद्यासाठी कोणती साडी नेसायची ते ठरवू लागली. तिचं ते शांतपणे साडी निवडणं मी कधी विसरले नाही. आम्ही पगारी माणसं. आमचं काही बिघडलं तर फार तर मेमो मिळतो.

संध्याकाळी मी नानासाहेबांना गाठलं.

"मोर्चा काढताय का पाटीलबाई?"

"नाही. मुराळी म्हणून जातोय."

"बायका मुराळी असतात का कधी?"

"नसतात. म्हणून तर त्यांना काय उत्तर द्यायचं ते कुणाला सुचणार नाही."

नानासाहेबांनी एक पेन्सिल उचलली, पुन्हा जागेवर ठेवली. म्हणाले, "संस्थेचं नाव घ्यायचं नाही." मी दारापर्यंत गेले तेव्हा मागून हाक आली, "आणि त्या हवालदाराला कळवून ठेवा."

मी कळवलं. हवालदार म्हणाला, "सणाचा बंदोबस्त असतोच. मी त्या गावाच्या पारावर बसून राहीन. हाक ऐकू येईल एवढ्या अंतरावर."

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी गौराई बुडवायला बायका नदीवर जातात. तिथे दोन गावांच्या बायका दोन काठांवर उभ्या राहतात आणि एकमेकींना यथेच्छ शिव्या घालतात. त्याला बार म्हणतात. वर्षभर गप्प बसलेल्या बायका त्या एका दिवसाची वाट बघत असतात. कमलअक्काच्या टोळीने त्या वर्षी बार सोडला. पलीकडच्या गावाला शिव्या द्यायला म्हणे माणसंच कमी पडली.

सकाळच्या पॅसेंजरने आम्ही नरडाण्याला निघालो. दहा-बारा जणी असू. सगळ्या ठेवणीतल्या साड्या नेसलेल्या, हातभर बांगड्या, टोपल्यांत सांजोऱ्या आणि पापड-कुरडया. डब्यातल्या लोकांना वाटलं, लग्नाला चाललोय. गाडीत मी त्यांना चार गोष्टी समजावल्या. धडधाकट बाईला तिच्या मनाविरुद्ध खोलीत कोंडून ठेवणं हा गुन्हा आहे, ते काही घरचं प्रकरण नाही. पण आपण कुणाच्या घरात घुसायचं नाही, नाहीतर गुन्हा आपल्यावर लागतो. आणि सुनंदाला ओढून आणायचं नाही. तिला विचारायचं. ती नको म्हणाली तर परत यायचं.

"आणि शिव्या?" एकीने विचारलं.

"अजिबात नाही."

तिचा चेहरा पडला. बार बुडाला होताच, वर हे.

स्टेशनवरून ते गाव पायी जाण्याच्या अंतरावर. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. गावात शिरलो तर तिथेही निंबाला झोका आणि त्या गावच्या माहेरवाशिणी. आमची वरात बघून त्यांचा झोका थांबला. पारावर हवालदार दिसला. त्याने माझ्याकडे बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि तंबाखू मळत राहिला.

सुनंदाचं घर चांगलं पक्कं होतं, पुढे मोठं अंगण. सासरा ओट्यावर होता, सासू दारात आली.

"राम राम," कमलअक्का म्हणाली. "आम्ही सुनंदाना माहेरथून उनूत. तिले न्याले."

सासू गोंधळली. भाऊ आला असता तर तिच्याजवळ उत्तर तयार होतं. "ती बीमार शे," ती म्हणाली. "डागदरनी सांगं, कोनले भेटू देऊ नका."

"बरं," कमलअक्का म्हणाली आणि अंगणात मांडी घालून बसली. मागोमाग सगळ्या बसल्या. मीही बसले. टोपल्या समोर ठेवल्या.

आता पाहुण्या अंगणात आल्यावर पाणी देणं आलंच. सासूने तांब्या-पेला आणला. कमलअक्काने हात जोडले.

"पानी लेसूत ना. पन सुनंदाना हातनं."

हे आम्ही गाडीत ठरवलेलं नव्हतं. तिला तिथेच सुचलं. त्या उन्हात, घसा कोरडा पडलेल्या बायकांनी एकामागून एक हात जोडले आणि पेला पुढे सरकवला. सासरा उठून म्हणाला, "अक्का, आसं करू नका, घोटभर ल्या." कमलअक्का म्हणाली, "राग नही, आबा. सुनंदानी दिधं का लेसूत."

कुणी आवाज चढवला नाही. कुणी कुणाला दोष दिला नाही. नुसत्या बसून राहिल्या. पण आखाजीच्या सणात दारात आलेल्या परगावच्या लेकी पाणी घेत नाहीत, ही गोष्ट त्या गावात हां हां म्हणता पसरली. शेजारणी ओट्यांवर आल्या. एक म्हातारी आपल्या घरून माठाचं पाणी घेऊन आली, तिलाही हात जोडले. माझी जीभ टाळूला चिकटली होती. मी मोठ्या आशेने त्या माठाकडे बघितलं, तर शोभाने मला डोळ्यांनी दटावलं. कायदा मी त्यांना शिकवला होता, पण त्या अंगणात मी त्यांच्या हाताखाली होते.

झोक्यावरच्या माहेरवाशिणीही कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांतली एक पुढे आली. पंचविशीची, कपाळावर मोठं कुंकू. सासूने तिला झटकन म्हटलं, "विमल, तू घरमा जाय."

विमल ही सुनंदाची नणंद. तीही आखाजीला माहेरी आली होती, दोनच दिवसांपूर्वी. वहिनीला संसर्गाचा आजार आहे, जवळ जाऊ नकोस, असं तिला सांगितलेलं. ती घरात गेली नाही. कमलअक्कासमोर उकिडवी बसली.

"तुम्ही तिन्या कोन लागतस?"

"बहिनी."

"इतल्या?"

"सख्खी एक बी नही," कमलअक्का म्हणाली. "एकच निंबना झोकावर वाढनूत आम्ही."

विमलच्या मनात काय चाललं होतं ते मला सांगता येणार नाही, आणि नंतर मी तिला विचारलंही नाही. एवढंच दिसलं की तिने एकदा मागे वळून आपल्या झोक्याकडच्या मैत्रिणींकडे पाहिलं. मग ती उठली आणि घरात गेली. सासू तिच्यामागे धावली. आतून "नको वं, विमल!" असं ऐकू आलं, आणि मग लोखंडी कडी सरकल्याचा आवाज.

विमल सुनंदाला धरून बाहेर घेऊन आली. उजवा हात लुगड्याच्या पट्टीने गळ्यात बांधलेला, कोपराखाली भलत्याच दिशेला वळलेला. एक डोळा अर्धा मिटलेला. उजेडाची सवय नसल्यामुळे ती दारातच थांबली. अंगणात बसलेल्या मैत्रिणींकडे तिने एकेक करून पाहिलं. कुणी रडलं नाही. मला वाटतं, आपण रडलो तर ती परत आत जाईल अशी सगळ्यांना भीती वाटली असावी.

विमलने तांब्या तिच्या डाव्या हातात दिला आणि खालून आपल्या हाताने आधार दिला. सुनंदाने पहिला पेला भरून कमलअक्काला दिला. मग शोभाला. मग पुढचीला. सगळ्यांना पाणी मिळेपर्यंत ती थांबली नाही.

तेवढ्यात नवरा आला. देवळाजवळ पत्ते खेळत होता, कुणीतरी बातमी पोचवलेली. अंगणात येऊन ओरडायला लागला, कुणी आणलंय यांना, कोण ही बाई. मी उठून उभी राहिले. पारावरून हवालदारही उठला आणि सावकाश चालत येऊन अंगणाच्या कडेला थांबला. त्याला बघून नवऱ्याचा आवाज खाली आला.

मी सुनंदासमोर गेले. नवरा, सासू, सासरा सगळे ऐकत होते. याच क्षणाला मी घाबरत होते. याच जागी बायका म्हणतात, मला काही त्रास नाही.

"सुनंदा, तुला कुठे जायचंय? तू सांगशील तसं होईल."

"मले माहेर जानं शे," ती म्हणाली. "मन्या पोरी बी संगे."

हवालदाराने वही काढली. मुली विमलनेच आतून आणल्या, त्यांचे फ्रॉकसुद्धा एका गाठोड्यात बांधून. सासूने लेकीकडे पाहिलं. आवाज न चढवता म्हणाली, "आजपासून तुले हाई दार बंद."

"बरं," विमल म्हणाली.

आम्ही सुनंदाला थेट धुळ्याला सिव्हिल हॉस्पिटलमध्ये नेलं. हाड वाकडंच जुळलं होतं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं असतं तर सरळ बसलं असतं. तो हात पुढे कधीच पुरता सरळ झाला नाही. चारशे अठ्ठ्याण्णव अ कलमाखाली गुन्हा दाखल झाला. नवरा किंवा सासरचे बाईला क्रूरपणे वागवतात त्यासाठी हे कलम आहे. तेव्हा ते नवंच होतं. हे कलम लावायला सोपं, सिद्ध करायला अवघड, कारण मार घराच्या आत होतो आणि घरातलं माणूस साक्ष देत नाही. या केसमध्ये घरातलं माणूस होतं. विमलने पोलिसांना सगळा जबाब दिला.

शोभाला सासरी महिनाभर कुणी बोललं नाही. मग शेंगा तोडायला माणूस कमी पडलं तेव्हा बोलू लागले. आमच्या केंद्राने त्यानंतर सुनांच्या सभा बंद केल्या. आखाजीच्या दिवसांत माहेरच्या गावी जायचं, झाडाखाली बसायचं, फ्लिपचार्ट न्यायचा नाही, असं ठरलं. नानासाहेबांनी त्याला 'माहेर-भेट उपक्रम' असं नाव देऊन टाकलं आणि पुढच्या वार्षिक अहवालात संस्थेचं नाव ठळक अक्षरांत घातलं.

पुढच्या आखाजीच्या तोंडावर एक माणूस केंद्रात आला. विमलचा नवरा. साधा माणूस, शिंदखेड्याकडचा, पिठाची गिरणी चालवायचा. डोक्यावर अजून पीठ होतं.

"बाई, सुनंदा उनी शे आमना दारमा," तो म्हणाला. "एकटी. तो वाकडा हात लिसन. म्हनस, मी विमलनी मुराळी शे, तिले न्याले उनू. औंदा विमलले कोनी न्याले उनं नव्हतं. ती सकायपासून चुलीजवळ बसी व्हती. आते दोन्ही जनी गळामा पडी रडी राहिन्यात. मायले काय सांगू? हाई कोन लागस तिनी?"

मी आमच्या वकिलांना विचारलं. ते हादरलेच. साक्षीदार फिर्यादीच्या घरी पाहुणी म्हणून राहायला गेली तर उलटतपासणीत तिच्या चिंधड्या करतील, म्हणाले. केस संपेपर्यंत थांबा. त्यांचं बरोबर होतं. मी बाहेर आले आणि त्या गिरणीवाल्याला म्हटलं, "धाडा तिला."

विमल गेली. त्या वर्षी गेली, पुढच्या वर्षीही गेली. सुनंदाच्या आईने तिला साडीचोळी केली, निंबाच्या झोक्यावर कमलअक्काने तिला आपल्या पुढ्यात बसवून उंच झोका दिला.

मग साक्षीची तारीख आली. विमल पिंजऱ्यात उभी राहिली. समोर आरोपीच्या जागी सख्खा भाऊ. मागच्या बाकावर आई, दोन वर्षांत पहिल्यांदाच दिसलेली. आरोपीचे वकील नामांकित होते. त्यांना सगळं कळलेलं होतं.

"तुमचं माहेरच्यांशी भांडण आहे. म्हणून भावाविरुद्ध खोटं सांगता."

"भांडन नव्हतं, साहेब. मी खरं सांगं म्हनीसन झायं."

"आखाजीला तुम्ही फिर्यादीच्या गावी जाऊन राहता. खरं का?"

आमच्या वकिलांनी मान खाली घातली.

"हा. जास."

"का जाता?"

"ते मनं माहेर शे."

वकील हसले. न्यायाधीशांकडे बघून म्हणाले, "बाई, तुमचं माहेर म्हणजे या आरोपीचं घर. तिथे तुमची आई मागे बसली आहे."

विमलने मागे वळून आईकडे पाहिलं. मग वकिलांकडे वळून म्हणाली, "ते व्हतं."

न्यायाधीशांनी लिहिताना मान वर केली, तिच्याकडे एकदा बघितलं, आणि तिचे शब्द तिच्याच बोलीत लिहून घेतले. आरोपीच्या वकिलांनी पुढे प्रश्न विचारले नाहीत. नवऱ्याला शिक्षा झाली. अपिलात ती थोडी कमी झाली, पण दोन्ही मुली सुनंदाकडेच राहिल्या. ती अमळनेरला मुलींच्या एका वसतिगृहात मदतनीस म्हणून लागली आणि डाव्या हाताने सगळं करायला शिकली.

साक्षीच्या त्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्या उतरताना आमचे वकील मला म्हणाले, "पाटीलबाई, नशिबाने वाचलो. साक्षीदाराला पाठवू नका म्हणून मी सांगितलं होतं. तुम्ही ऐकलं नाही."

"साक्ष एकदाच द्यायची असते, वकीलसाहेब," मी म्हटलं. "आखाजी दर वर्षी येते."